रजियाचा मुन्शी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही — असं मी म्हटलं तर आमच्या घरातले सगळे हसतील. मुन्शीची गोष्ट? ती तर आम्हाला पाठ आहे की, म्हणतील. आणि खरंच पाठ आहे. आधी अप्पा सांगायचे, मग माझा भाऊ बाळू सांगायला लागला, आणि आता घरात कुणी नवीन सून-जावई आले की मला पुढं बसवून माझ्याकडून वदवून घेतात. पण ती घडलेली गोष्ट नाही. घडलेली वेगळी आहे. ती मला ठाऊक आहे, आणि थोडीफार आईला ठाऊक होती. आई गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

कुठून सुरुवात करू? घरापासूनच करते.

नारायणगुड्यात आमचं भाड्याचं घर होतं. अप्पा अदालतीत पेशकार होते. शेजारी रजियाचं घर. तिचे अब्बा करोडगिरीत, म्हणजे निजामाच्या जकात खात्यात, कामाला. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये एक बुटकी भिंत होती आणि तिच्यावरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडे जात असायचं. कढीलिंब, विस्तव, चाळण — आणि आम्ही दोघी. आई तिकडचं शिजवलेलं खात नसे. म्हणून ईदला खाला — रजियाच्या आईला मी खाला म्हणायची — रुमालानं झाकलेल्या थाळीतून कोरड्या शेवया, साखर, खोबरं, चारोळी असं कच्चं सामान पाठवायची. आई त्याची खीर करायची आणि त्यातलीच वाटीभर भिंतीवरून रजियाला द्यायची. आमच्याकडे शेंगापोळ्या व्हायला लागल्या की वासावर रजिया यायची. भिंतीवर कोपरं टेकून उभी राहायची. मागायची नाही काही. नुसतं विचारायची, "मौसी, क्या कर रहे?"

मुन्शी हा खालाचा पोपट. मान खाली घालून, काहीतरी लिहीत असल्यासारखा दांडीवर येरझाऱ्या घालायचा, म्हणून मुन्शी. तो कुणी शिकवलेलं बोलत नसे. खाला जे बोलायची ते बोलायचा, आणि तिच्याच आवाजात. दुपारी जेवणं झाली की खाला आम्हा दोघींना पुढ्यात बसवून वेण्या घालायची. त्याआधी तिची हाक यायची, "रज्जो, कंगी ला गे." खालाला खोकला होता, जुना. एक कोरडी उबळ, मग थोडं थांबून आणखी एक, बारीक. मुन्शी तोही शिकला होता. आधी खोकायचा, मग हाक मारायचा. रजिया हमखास फसायची. "हौ, आती!" म्हणून फणी घेऊन धावत यायची, आणि बघते तर खाला झोपलेली आणि मुन्शी मिरची सोलत बसलेला. आमच्या हसण्यानं खाला जागी व्हायची, तीही हसायची, हसता हसता खोकायची, आणि तिच्या मागोमाग मुन्शी खोकायचा.

मग ते वर्ष आलं. त्याच्याबद्दल जाणत्या लोकांनी लिहिलं आहे. मी जेमतेम दहा वर्षांची होते, मला घरातलंच आठवतं. रझाकारांच्या दिवसांत आई आम्हाला अंगणाच्या पुढं जाऊ देत नसे. अप्पा अंधार पडायच्या आत घरी. आणि रोज संध्याकाळी रजियाचे अब्बा आपल्या घरातली खुर्ची आणून आमच्या चबुतऱ्यावर बसायचे. अप्पा म्हणायचे, आत या. ते म्हणायचे, "नक्को पेशकार साब, बाहर हवा अच्छी है." हवा कसली? गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं, हे घर कुणाच्या ओळखीचं आहे, म्हणून ते बसायचे. हे मला पुढं मोठेपणी कळलं.

मग फौजा आल्या, राज्य बदललं, आणि तीच भीती भिंतीच्या पलीकडे गेली. अप्पा त्यांच्या चबुतऱ्यावर जाऊन बसले नाहीत. — पण ते अप्पांचं. मी माझं सांगायला बसले आहे.

एका सकाळी रजियाकडे टांग्यात सामान चढत होतं. मुसी नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात तिच्या मामूंचं घर होतं, तिथं निघाले होते. खालानं पिंजरा भिंतीवरून माझ्या हातात दिला. "थोडे रोज की बात है, बेटा," म्हणाली. "हरी मिरच देना. चने की दाल भिगाके देना. धूप में मत रखना." रजिया टांग्यात बसूनसुद्धा ओरडत होती, उसकू अमरूद बहोत पसंद है, याद रख. मी लक्षात ठेवलं.

मुन्शी आमच्याकडे आला. सुरुवातीला गप्प होता. मग दुपारी खोकायला लागला, रज्जोला हाका मारायला लागला. आई म्हणायची, बिचारा. मग हळूहळू आमचं घर त्याच्याभोवती फिरायला लागलं. एकदा आई रव्याचे लाडू वळत होती. मी पाणी बदलायला पिंजरा उघडला, तो हा चालत चालत थेट स्वयंपाकघरात, ताटात. पळून गेला नाही, उडाला नाही. एकेका लाडवापाशी थांबून एकेक चोच मारत पुढं गेला, जणू तपासणीच करायला आला होता. आईनं उलथनं उगारलं. "मेल्या, एक तरी अख्खा ठेव!" बाळू तेव्हा रांगत होता, तो टाळ्या पिटायला लागला. थोड्या दिवसांनी अप्पा चहा पीत बसलेले असताना मुन्शी आईच्या आवाजात म्हणाला, "मेल्या!" अप्पांना चहाचा ठसका लागला. आमच्या घरात तसं हसू कितीतरी महिन्यांत ऐकू आलेलं नव्हतं.

शाळेतल्या मुली बघायला यायच्या. कुमुदचा पोपट म्हणायच्या. पहिल्यांदा मी सांगायची, माझा नाही, रजियाचा आहे. मग ते सांगणं थांबलं. कधी थांबलं — आठवत नाही. गल्लीतली मोठी माणसंही तेव्हा असंच बोलायची. गेलेले लोक आता कशाला परत येतात? त्यांचा पाळणा कुणाच्या घरी गेला, हंडा कुणाच्या घरी. मी ऐकायची. पण त्यांच्यामुळं मी केलं असं मी म्हणणार नाही. मला मुन्शी हवा होता, एवढंच होतं ते.

आता त्या दुपारकडे येते.

थंडीचे दिवस होते. अप्पा अदालतीत. बाळू झोपलेला. आई चुलीपाशी शेंगापोळ्या लाटत होती. दार वाजलं. रजिया आली होती. तिचे अब्बा बाहेर टांग्यापाशीच थांबले होते. घरात पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर ते आत येणाऱ्यांतले नव्हते. रजिया आत आली, इकडंतिकडं बघितलं, म्हणाली, "मुन्शी किधर है?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बिल्ली खा गई."

निघून गेलं. — असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. पोर होते, घाबरले, तोंडून निघून गेलं. चांगलं वाटतं ऐकायला, नाही का? आत्ताही लिहिताना हात तिकडंच गेला.

तसं झालं नाही. पुन्हा सांगते.

दार वाजायच्या आधी मी टांग्याचा आवाज ऐकला. टांगेवाल्याशी बोलणारा आवाज ऐकला. तो रजियाच्या अब्बांचा होता, मी ओळखला. मग रजियाचा. मी अंगणात होते. मी कडीला टांगलेला पिंजरा काढला. दोरीवर माझा परकर वाळत होता, तो पिंजऱ्यावर टाकला. पिंजरा न्हाणीघरात नेऊन बंबाच्या मागं ठेवला, दाराला बाहेरून कडी लावली. पुढं येऊन पाटी मांडीवर घेऊन बसले. मग दार वाजलं. मग मी उठून दार उघडलं.

आलं ना लक्षात? तिनं विचारायच्या आधीच माझं उत्तर तयार होतं.

रजियाचे केस विस्कटलेले होते. एका बाजूला गाठी झालेल्या, कसेबसे मागं बांधलेले. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि त्याचा अर्थ लावायला गेले नाही.

"मुन्शी?" ती म्हणाली.

"बिल्ली खा गई."

ती रडली नाही. माजघराच्या उंबऱ्यावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "अम्मी गुजर गए."

मी पाटी उचलून भिंतीला टेकवली.

"मामू के घर में. खांसी बहोत बढ़ गई थी." मग ओढणीचं टोक सोडून म्हणाली, "हमे कराची जा रहे. अब्बा बोले, पहले मुन्शीकू ले लेंगे. उने अम्मी के जैसा बोलता था ना. इसलिए."

तेव्हा मी सांगू शकले असते. मजाक की मैं, म्हणायचं आणि न्हाणीघराची कडी काढायची. ती रागावली असती, मारलं असतं कदाचित, आणि मग हसली असती. न्हाणीघर असं कितीसं लांब होतं? अंगण ओलांडलं की झालं.

त्या वेळी मला काय वाटत होतं? वाईट वाटत होतं, असं मी इथं लिहू शकते. पण मला खरंच आठवतं ते एवढंच, की मी कान देऊन बसले होते — मुन्शी खोकतो की काय म्हणून. समोर ती बसली होती, तिची आई गेल्याचं सांगत होती, आणि माझं सगळं ध्यान न्हाणीघराकडे होतं. तो खोकला नाही. अंधार केला की तो गप्प बसायचा. ते मला माहीत होतं.

आई बाहेर आली. रजियाला बघून तिचा चेहरा उजळला, खालाचं ऐकून ती तिच्याशेजारी खाली बसली. पिठाच्या हातांनीच तिनं रजियाला जवळ ओढलं. एरवी सोवळं-ओवळं बघणारी माझी आई. "अगं माझे बाई," एवढंच म्हणत राहिली. बाहेरून अब्बांनी हाक मारली, उशीर होत होता. आई लगबगीनं आत गेली, तव्यावरच्या आणि डब्यातल्या सगळ्या पोळ्या तिनं एका धुतल्या फडक्यात बांधल्या. मुन्शीचं तिनं विचारलं नाही. अंगणातली कडी रिकामी दिसली, तिला वाटलं मी पिंजरा टांग्यात नेऊन दिला. हे नंतर कळलं.

आई आत पोळ्या बांधत होती तेवढ्यात रजियानं माझा हात धरला.

"तू नक्को रो," ती म्हणाली. "तेरी क्या गलती? बिल्ली का क्या करते."

मी रडत नव्हते. तिला तसं का वाटलं, कोण जाणे. तिला तसं वाटून घ्यायचं असेल.

ती गेली. आई दाराआड उभी राहून बघत होती, मग डोळे पुसत मागं गेली, तोंड धुवायला. न्हाणीघराची कडी काढल्याचा आवाज आला. मग आई अंगणाच्या दारात आली, एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात माझा परकर.

"हा इथं कसा?"

आईला सगळं समजलं असावं. ती ओरडली नाही. तिनं पिंजरा माझ्या हातात कोंबला. "धाव," म्हणाली. "अजून नाक्यावर असतील. धाव, कुमे."

पिंजरा खाली ठेवून मी दारापर्यंत गेले.

आणि आता जे सांगते ते आईलाही ठाऊक नव्हतं. टांगा गेला नव्हता. नाक्यावर पानवाल्याच्या दुकानापुढं उभा होता, टांगेवाला खाली उतरून घोड्याचा पट्टा आवळत होता. रजिया मागच्या बाजूला, आमच्या घराकडे तोंड करून बसली होती, मांडीवर पोळ्यांचं गाठोडं. तिनं मला दारात पाहिलं. हात वर केला. मीही हात वर केला.

मग मी आत गेले आणि आईला म्हणाले, "गेले."

पहिलं खोटं सोडा. ते पोरपण म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. हे दुसरं — टांगा डोळ्यांना दिसत असताना, आईनं वाट दाखवली असताना. त्याला मी काय म्हणू?

आई स्वतः दारापर्यंत आली नाही. पुष्कळदा मनात येतं, का आली नाही? पण तो प्रश्न विचारायचा मला अधिकार नाही.

संध्याकाळी अप्पा आले. आईनं खालाचं सांगितलं. अप्पा डोक्यावरची टोपी हातात घेऊन बसून राहिले. मग पिंजऱ्याकडे लक्ष गेलं. "रजिया याला न्यायला विसरली की काय?" त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली, म्हणून मला बोलावं लागलं. मी म्हणाले, "ती म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे. तुला दिला."

अप्पांचे डोळे भरून आले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "केवढं मन," ते म्हणाले. "आई गेलेली पोर. आईची आठवण अशी देऊन टाकली."

बस. तिथून ती गोष्ट सुरू झाली. अप्पांनी ती अदालतीत सांगितली. सुलतान बाजारात कापड घ्यायला गेलो तर दुकानदाराला सांगितली. पाहुण्यांना सांगितली, माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितली. दिवस वाईट होते, माणसं वाईट नव्हती, असं म्हणून सुरुवात करायचे. ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. अप्पांनी सांगायला घेतली की आई उठून स्वयंपाकघरात जायची. काहीतरी तापत ठेवलंय म्हणायची. मी जायची नाही. मी बसून ऐकायची. लोक माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची.

एकदा अप्पा रजियाच्या मामूंचं घर शोधत जुन्या शहरात गेले. त्यांना तिच्या अब्बांचा कराचीचा पत्ता हवा होता, आभार मानायचे होते. मी दिवसभर जेवले नाही. संध्याकाळी परत आले, म्हणाले, मामूही गेले कुठं तरी, पत्ता लागला नाही. ते फार उदास होते. मला हायसं वाटलं आणि मी पोटभर जेवले.

मुन्शी पुष्कळ जगला. दुपारी खोकायचा आणि रज्जोला हाक मारायचा. मी समोर बसून अभ्यास करायची. तुम्हाला वाटेल, मला ते ऐकवत नसेल. ऐकवायचं. माणसाला सवय होते. मग हळूहळू त्याच्या तोंडी आईची बोलणी जास्त यायला लागली, दूधवाल्याची आरोळी आली, बाळूचं रडणं आलं. हाक कमी कमी होत गेली. "कंगी ला"मधला "कंगी" तेवढा राहिला, मग तोही गेला. खालाचा आवाज जगात त्याच्याकडेच होता. तो कधी संपला, कुठल्या दिवशी, ते मी सांगू शकत नाही. माझं लक्ष नव्हतं.

मी लग्न होऊन अंबरपेठेत आले. मुन्शी माहेरीच राहिला. तो मेल्याचं बाळूनं येऊन सांगितलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. बरं, म्हणाले, आणि त्याला चहा केला. आई शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे होती. बोलायला पुष्कळ वेळ होता आम्हाला. आम्ही सुनांबद्दल बोललो, औषधांबद्दल बोललो. तिनं ते काढलं नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या नातीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं. नात म्हणाली, आजी, मुन्शीची गोष्ट सांग. तिला मराठी वाचता येत नाही, पण ही गोष्ट तिला पाठ आहे. मी माईकपुढं उभी राहिले. दिवस वाईट होते, माणसं वाईट नव्हती, असं म्हटलं. चबुतऱ्यावर बसणारे अब्बा सांगितले, खाला सांगितली. शेवटी रजिया म्हणते, तुला दिला — तिथं मी थोडी थांबते. अप्पा तिथं थांबायचे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका शिक्षिकेनं वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रजियानं मला मुन्शी दिला नव्हता. मी तो ठेवून घेतला. ती असेल तर माझ्याच वयाची असेल. तिच्या लेखी त्याला मांजरानं खाल्लं.